बुल्वेचं दुसरं पिल्लू

नालोंगोच्या घराला दलदलीच्या बाजूने खिडकी नाही. होती, ती तिने स्वतःच्या हाताने विटा आणि चिखल लावून बुजवली, त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. बुसागा गावातल्या बाकी सगळ्या घरांची तोंडं पाण्याकडे, कारण वारा तिकडून येतो. हिचं एकटीचं रस्त्याकडे. उकाड्यात घामाने निथळत चटया विणत बसेल, पण मागच्या बाजूला मान वळवणार नाही.

गावानेही हे सोडून दिलं होतं. जिने जुळी मुलं जन्माला घातली तिला नालोंगो म्हणायचं आणि तिचं जरा जास्तच ऐकून घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. तिचं स्वतःचं नाव काय होतं ते आता तिलाही विचार करून सांगावं लागतं. जुळ्यांतला थोरला तो वास्वा आणि धाकटा तो कातो, ही नावंही कुणी शोधायची नसतात, ती ठरलेलीच. नालोंगोचा वास्वा महिन्याचा असताना उडून गेला. जुळ्यांतलं मूल मेलं असं आम्ही म्हणत नाही, उडून गेलं म्हणतो. राहिला तो कातो, आणि तो सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत वाढला.

लोक म्हणत, नालोंगो बुल्वे पक्ष्याला घाबरते. आता बुल्वेला कोण घाबरत नाही ते सांगा. छातीएवढा उंच, राखेच्या रंगाचा पक्षी, चोच लाकडी बुटाएवढी आणि टोकाला नखासारखा आकडा. सकाळी पाण्यात उभा दिसला की दुपारी तिथेच, त्याच पायावर. पावसाने हलत नाही, वाऱ्याने हलत नाही. बाकीची पाखरं माणसाकडे एका डोळ्याने बघतात, मान तिरकी करून. याचे दोन्ही डोळे समोर, आणि तो दोन्ही डोळ्यांनी बघतो. मधूनच डोळ्यावरून आतल्या बाजूने एक पांढुरका पडदा सरकतो आणि परत जातो. तेवढंच काय ते जिवंतपणाचं लक्षण.

पूर्वी कोळ्यांना तो सकाळी दिसला की ते जाळी न टाकता होडी वळवायचे, आणि घरटं सापडलं तर अंडी फोडायचे. पुढे लांबलांबचे लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून त्याला बघायला यायला लागले, आणि अपशकुनी पक्षी एका रात्रीत पाहुणा झाला. ज्यांनी अंडी फोडली त्यांनीच होड्यांवर त्याची चित्रं काढली. माणूस असाच आहे, त्याला काय करणार?

आणि कातोने नेमकं त्याच पक्ष्याच्या राखणीचं काम धरलं. पाहुण्यांना होडीतून न्यायचं, आणि पक्ष्यांच्या संस्थेसाठी घरट्यावर नजर ठेवायची. घरट्याला हात लावायचा नाही, काही झालं तरी नाही, हा संस्थेचा एकच नियम. कातोने तो नऊ वर्षं पाळला.

"अख्ख्या दलदलीत तुला दुसरं काही सापडलं नाही?" नालोंगो पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"आई, तो नुसता उभा राहतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"तेच तर," ती म्हणाली, आणि विषय तिथेच सोडला.

त्या वर्षी जूनमध्ये, पाणी उतरू लागलं तसं, एका जोडीने पपायरसच्या, म्हणजे उंच पाणगवताच्या, तरंगत्या बेटावर घरटं केलं आणि त्यात दोन अंडी घातली. कातोला आभाळ ठेंगणं झालं. पहिलं अंडं फुटलं तेव्हा त्याने धक्क्यावर सगळ्यांना सोडा पाजला. पाचव्या दिवशी दुसरं फुटलं. त्यानंतर मात्र तो संध्याकाळी घरी येऊन जेवणासमोर नुसता बसू लागला.

"काय झालं? मटोके गिळवत नाही का?" तेओपिस्ता, त्याची बायको, सासूसमोर रीतीप्रमाणे गुडघे टेकून उकडलेल्या केळ्यांचं मटोके वाढत होती. गुडघे टेकलेले असले तरी तिची जीभ कधी टेकलेली नसायची. "आई, बघा तुमच्या लेकाकडे. पाखराचं बाळंतपण यालाच बाधलंय."

"थोरलं धाकट्याला मारतंय," कातो म्हणाला.

"पिल्लं भांडतातच."

"भांडण नाही गं. चोच मारतं. पाठीवर, डोक्यावर, रक्त येईपर्यंत. आणि आई समोर उभी. उन्हात पाणी आणते ती, चोचीत भरून, पिल्लांच्या अंगावर ओतायला. थोरल्याच्या अंगावर ओतते. धाकटं बाजूला तोंड उघडून बसलेलं असतं. त्याला एक थेंब नाही."

नालोंगोचा हात ताटावर थांबला.

"जुळ्यांत असं करतात का?" कातो चिडूनच बोलत होता. "एकाला सदरा तर दुसऱ्याला सदरा. एकाला केळं तर दुसऱ्याला केळं, नाहीतर घरावर कोप होतो. हे तान्ह्या पोराला कळतं आपल्याकडे!"

"ते आपल्याकडे," नालोंगो म्हणाली. "पाखराला पाखरासारखं जगू दे. हात लावू नकोस."

"धाकटं जगू शकतं, आई. मी नाही जगलो? थोरला वास्वा तापानं गेला आणि मी एवढासा किडमिडा राहिलो, तूच सांगतेस ना?"

नालोंगोने ताट उचललं आणि ती आत गेली. तेओपिस्ता नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तू पण ना, जेवताना वास्वाचं नाव कशाला काढतोस?"

त्या संध्याकाळनंतर चौथ्या दिवशी भर दुपारी कातो आला तो केळीच्या पानांनी झाकलेली टोपली घेऊन. टोपली त्याने थेट आईच्या चटईवर ठेवली. नऊ वर्षांचा नियम मोडून आला होता तो.

"संस्थेला कळलं तर काम जाईल," तो म्हणाला. "पण नालोंगोच्या हातात जुळ्याचा जीव वाचतो म्हणतात. माझा वाचला."

टोपलीत राखाडी लव असलेला एक गोळा होता. मान सावरत नव्हती. डोक्यावर दोन ठिकाणी कातडी फाटलेली. नालोंगोने बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण पिल्लाने तोंड उघडलं आणि आवाज काढला, आणि तो आवाज उचकीचा होता. बुल्वेचं पिल्लू भूक लागली की चिवचिवत नाही, उचकी देतं. दूध न मिळालेल्या तान्ह्या मुलाला लागते तशी, थांबून थांबून.

तेओपिस्ता धावत बाहेर आली. "कुणाचं मूल आणलंत?"

नालोंगो भिंतीला धरून उभी होती. हा आवाज तिने एकदा ऐकला होता, आणि तोही त्याच दलदलीत.

पस्तीस वर्षांपूर्वी सैनिक रस्त्याने एन्टेबे शहराकडे चालले होते. कोणाचे सैनिक, कोणाच्या बाजूचे, हे बघायला कुणी थांबलं नाही. माणसं पोरांना पाठीला बांधून पपायरसमध्ये शिरली. नालोंगोचा नवरा आदल्या आठवड्यात मीठ आणायला गेला होता, तो आलाच नाही. ती महिन्याच्या दोन मुलांना घेऊन तरंगत्या मुळ्यांच्या ढिगावर सहा दिवस बसली. तीन दिवस कसाव्याचा कच्चा कंद पुरला. मग तो संपला, आणि तिचं दूधही आटलं. जे होतं ते एकाला पुरेल एवढं होतं. अर्धं अर्धं दिलं तर दोन्ही जातील, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिला ते नुसतं कळलं. जो जोरात ओढत होता त्याला तिने छातीशी घेतलं. दुसऱ्याला बाजूला ठेवलं. तो रडला नाही, तेवढी ताकद नव्हती. एक दिवस आणि एक रात्र तो उचक्या देत होता.

आणि दहा पावलांवर बुल्वे उभा होता. पहिल्या दिवसापासून. दूर कुठे मशीनगन वाजली की तोही चोच वाजवायचा, तसाच कडकड आवाज, मग पुन्हा गप्प. तो दोन्ही डोळ्यांनी बघत होता. तिने कोणाला घेतलं, कोणाला ठेवलं, उचक्या कधी थांबल्या, हे सगळं त्याने पाहिलं. सातव्या दिवशी ती निघाली तेव्हा पुरायला जमीन नव्हती. बाळाला तिने पपायरसच्या पात्यांत गुंडाळून तिथेच ठेवलं. थोडं पुढे गेल्यावर तिने एकदाच वळून बघितलं. बुल्वे आपल्या जागेवर नव्हता. तो चालत येऊन त्या पात्यांजवळ उभा होता, मान खाली घालून. पुढे तो काय करणार होता हे तिला माहीत नाही. त्यानंतर तिने कधी मागे बघितलं नाही.

गावात तिने सांगितलं, वास्वाला ताप आला आणि तो उडून गेला. जुळं उडून गेलं की आईला कुणी प्रश्न विचारत नाहीत. या रीतीने तिला वाचवलं, आणि त्याच रीतीने तिला कोंडून ठेवलं.

"आई?" कातोने हाक मारली.

"पाणी आण," ती म्हणाली. "आणि मासा लागेल. दुसरं काही हे खायचं नाही."

मासा म्हणजे माम्बा. लांब, चिखलात राहणारा, सापासारखा. नालोंगोचं माहेर माम्बा कुळाचं. त्या कुळाच्या माणसाला माम्बा खायचा तर सोडाच, शिवायचाही नसतो. तो भाऊ लागतो. आजवर तिच्या घरात तो शिजला नव्हता. क्येयुने नावाचा म्हातारा, जो चाळीस वर्षं माम्बाच धरत आला होता, दारात मासा घेऊन आला आणि सुरी हातात धरून बसलेली नालोंगो बघून जागच्या जागी थबकला.

"नालोंगो, तू कापणार? तुझ्या भावाला?"

"मग सुनेला सांगू? किंचाळत घरभर पळेल." तिने मासा ओढून घेतला. सुरी लावण्याआधी ती काही तरी पुटपुटली, ते क्येयुनेला ऐकू आलं नाही.

क्येयुने उंबऱ्यावर टेकला. त्याला बुल्वेचा राग होता, पण तो राग एका धंद्यातल्या दुसऱ्याविषयी असावा तसा. "मी तुला सांगतो, हा पक्षी माझ्यापेक्षा हुशार. माम्बाला पाण्यात श्वास पुरत नाही, त्याला वर येऊन हवा घ्यावी लागते. हे त्या पाखराला माहीत. म्हणून ते शोधत फिरत नाही, उभं राहतं. चार तास, सहा तास. बोटं एवढी लांब की तरंगत्या गवतावर बुडत नाही. मासा श्वास घ्यायला वर आला की हे सगळंच्या सगळं त्याच्यावर पडतं. गवत, चिखल, मासा, सगळं एका घासात. मग गवत बाहेर टाकतं आणि चोचीच्या धारेनं मुंडकं उडवतं."

"पुरे."

"आणि कधी चुकलं तरी जागा सोडत नाही, बघ. त्याला ठाऊक असतं, ज्याला श्वास घ्यायचाय तो कधीतरी वर येणारच."

नालोंगोने तुकडे वाटीत टाकले.

पिल्लू जगलं. खरं तर ते जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, नालोंगोला तर मुळीच नाही. ती दर दोन तासांनी त्याला भरवायची. दुपारी कातडी तापली की ओंजळीने पाणी घेऊन त्याच्या डोक्यावर ओतायची. हे तिला शिकवायला लागलं नाही. कातोने सांगितलं होतं ते तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं. आठ दिवसांत मान ताठ झाली. बारा दिवसांत चोच वाढली, ती आधी नुसता फुगवटा होती. पिल्लू उभं राहायला शिकलं, आणि एकदा उभं राहायला शिकल्यावर ते उभंच राहू लागलं. कोपऱ्यात, न हलता. तेओपिस्ता झाडायला जायची आणि ओरडत परत यायची.

"आई, ते माझ्याकडे बघतंय."

"डोळे आहेत तर बघणारच."

"तसं नाही. ओळखल्यासारखं बघतंय."

नालोंगोकडेही ते बघायचं. ती खोलीत आली की मान खाली घालून लवायचं, एकदा, दोनदा. मोठे बुल्वे घरट्यावर जोडीदाराला असे लवतात. नालोंगोला आधी भीती वाटायची. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपणही मान लववतोय. त्या दिवशी ती विणायला बसली तेव्हा गुणगुणत होती. तेओपिस्ताने आयुष्यात पहिल्यांदा सासूला गाताना ऐकलं, आणि तिला ते पक्ष्यापेक्षाही जास्त भयाण वाटलं.

अठराव्या दिवशी सकाळी कातो धक्क्यावरून परत आला. होडी नीट बांधली नव्हती, वल्हंही हातातच होतं.

"थोरलं गेलं," तो म्हणाला. "घोरपड असेल, नाहीतर अजगर. चार पिसं राहिलीत."

कोपऱ्यातून उचकी आली.

"आई, मी तिथं तासभर होतो. मादी आली, चोचीत पाणी घेऊन. तिनं ते ओतलं. रिकाम्या घरट्यात. परत गेली, परत आणलं, परत ओतलं. अकरा वेळा." कातो खाली बसला. "मी नसतं आणलं तर हे असतं तिथं. म्हणूनच ती दोन घालते. एक गेलं तर दुसरं असावं म्हणून. मी शहाणा तिला न्याय शिकवायला गेलो, आणि तिची कूस रिकामी केली."

"तू नसतं आणलंस तर ते त्याच दिवशी मेलं असतं," तेओपिस्ता म्हणाली. नवऱ्याला टोमणे मारणं वेगळं आणि तो असा खाली बसलेला बघणं वेगळं.

नालोंगो मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडकली होती. एक गेलं तर दुसरं असावं म्हणून. म्हणजे ती मादी उभी राहून जे बघत होती तो तिचा दुष्टपणा नव्हता. आणि त्या सहा दिवसांत दहा पावलांवरून जो बघत होता, तो हिच्याकडे पाप म्हणून बघत नसेल. कदाचित एक आई दुसरीकडे बघते तसा बघत असेल. हा विचार तिला पस्तीस वर्षांत शिवला नव्हता. आणि शिवला तेव्हा तिला बरं नाही वाटलं. पाखराने दुसरं पिल्लू दुसरंच म्हणून घातलेलं असतं. हिने दोघांनाही पहिलं म्हणून जन्म दिला होता.

दुपारी तेओपिस्ता केळीच्या बागेत गेली ती धापा टाकत परत आली. "ती मादी मागे उभी आहे. केळींच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला. घराकडे तोंड करून."

ती त्या संध्याकाळपर्यंत उभी होती. दुसऱ्या दिवशीही. कुत्री भुंकून थकली. क्येयुनेने एक ढेकूळ फेकलं, ते तिच्या पायापाशी पडलं, तिने ते पाहिलंही नाही. बिनखिडकीच्या भिंतीकडे बघत ती उभी राहिली. आत उचकी लागली की बाहेर चोचीचा कडकडाट व्हायचा. मग दोन्हीकडे शांत. धक्क्यावरची माणसं ते घर टाळून जायला लागली.

"संस्थेला कळायच्या आत काही तरी करायला पाहिजे," कातो म्हणाला. "पण आता ते तुझं झालंय. तिकडे नेऊन सोडलं आणि तिनं ओळखलं नाही तर मरेल. इथं ठेवलं तर ही हलणार नाही."

"होडी काढ," नालोंगो म्हणाली.

"मी घेऊन जातो."

"मी येते."

कातोने आईकडे बघितलं. पाण्यावर तिला त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. ती टोपली मांडीवर घेऊन होडीच्या मधोमध बसली, ताठ, आणि तिने डोळे मिटले नाहीत. दोन्ही बाजूंनी पपायरस जवळ आला तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले. वाट अरुंद झाली. वर बघितलं तर आभाळाची चिंचोळी पट्टी. कुठे काही हलत नव्हतं. पाण्यातून मधूनच एक बुडबुडा यायचा, माम्बा श्वास घेऊन खाली जायचा, आणि पाणी पुन्हा मिटायचं.

घरटं म्हणजे दाबून बसवलेल्या गवताचा एक मोठा ढीग होता. मधोमध ओल होती; मादीने ओतलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं. नालोंगोने पिल्लाला दोन्ही हातांनी उचललं आणि त्या ओलीत ठेवलं. ते तिच्याकडे बघून लवलं.

"चल," ती म्हणाली. "मागे घे होडी."

वीसेक पावलं मागे, पात्यांच्या आडोशाला, ती दोघं थांबली. ऊन चढलं. पिल्लू उचक्या देऊ लागलं. नालोंगो हात मांडीवर दाबून बसली. एक तास गेला, दुसरा गेला. पिल्लाचं डोकं खाली कलायला लागलं. कातोने वल्हं उचललं तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं.

मग डोक्यावरून सावली गेली. मादी घरट्याच्या कडेला उतरली आणि उभी राहिली. पिल्लाकडे तिने दोन्ही डोळ्यांनी बघितलं. पिल्लूही बघत राहिलं. त्या चोचीने मुंडकं उडवतात, हे होडीतल्या दोघांनाही ठाऊक होतं. किती वेळ गेला ते कातोला सांगता आलं नाही; त्याला एवढंच आठवतं की आईची नखं मनगटात रुतली होती. मादी वळली. पाण्यात चोच बुडवली. परत आली आणि ती पिल्लाच्या अंगावर रिकामी केली.

कातो तोंड दाबून हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ आई. जगलं धाकटं. मी म्हटलं नव्हतं? मी जगलो तसं."

नालोंगो घरट्याकडे बघत होती.

"तू धाकटा नाहीस," ती म्हणाली.

"काय?"

"ताप कुणालाच आला नव्हता. दूध एकालाच पुरेल एवढं होतं. मी थोरल्याला पाजलं, तो जोरात ओढत होता. धाकट्याला बाजूला ठेवलं. इथंच कुठंतरी, अशाच पात्यांत. तो कातो. तू वास्वा."

कातोने वल्हं खाली ठेवलं. होडी थोडी फिरली आणि गवताला टेकली.

"मग मला का...?"

"त्याचं नाव ठेवून महिनासुद्धा झाला नव्हता. मी सोडून त्याला कुणी हाकही मारली नव्हती. म्हटलं, ह्याला त्याच्या नावानं हाक मारत जाऊ. दिवसातून दहादा. त्याला वाटेल, आई आपल्यालाच बोलावतेय. त्याला वाटेल, आपल्याला टाकलं नाही."

घरट्यावर मादीने पंख अर्धे उघडून पिल्लावर सावली धरली होती.

"आणि तो यायचा?" त्याने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"तू ओ द्यायचास," नालोंगो म्हणाली. "मी ती दोघांची धरायचे."

परत येताना वल्हं त्यानेच मारलं. तो माफ करणार की नाही, हे तिला त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं, आणि तेवढंच तिला आता कळून घ्यायचं होतं. धक्का दिसायला लागला. तेओपिस्ता काठाशी उभी होती, हात कपाळाशी धरून.

"कातो!" तिने हाक मारली. "राहिलं का ते? घेतलं का तिनं?"

तो वल्हं मारत राहिला.

"कातो! अरे, मी विचारतेय! ए कातो!"

त्याने तोंड उघडलं. मग मिटलं. पाण्यावर हाक गेली, पपायरसपर्यंत गेली, आणि तो ती जाऊ देत गप्प उभा राहिला. कुणीतरी यायचं असावं तसा थोडा वेळ थांबला, मग त्याने होडी काठाला लावली.

"आई, हा ओ का देत नाही? काय झालं याला?"

"त्याला नाही हाक मारलीस तू," नालोंगो म्हणाली, आणि होडीतून उतरण्यासाठी मुलाकडे हात पुढे केला. तो हात धरायला त्याला जरा वेळ लागला.